नेहमीच्या लिपिड अहवालावरून अपो-बीचा अंदाज : वैद्यांसाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

आयुर्वेदीय चिकित्सकाच्या दैनंदिन व्यवहारात आज असा एकही दिवस जात नाही की ज्या दिवशी एखादा रुग्ण प्रयोगशाळेचा लिपिड प्रोफाइलचा कागद हाती घेऊन समोर बसत नाही. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या परीक्षणाबरोबर हा कागदही आता रुग्णपरीक्षेचा भाग झाला आहे. हा कागद वाचण्याची आपली पद्धत मात्र बहुधा एकच असते. ज्या आकड्यापुढे तारांकित खूण असेल तेथे दृष्टी थांबते, आणि एलडीएलपुढे खूण नसेल तर आपण 'सर्व ठीक आहे' असे सांगून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखकाकडूनही हीच चूक घडली. चव्वेचाळीस वर्षांचे एक किराणा व्यापारी आम्लपित्ताच्या तक्रारीसाठी चिकित्सालयात येत असत. उदर स्थूल, दिवसभर बैठे काम, रात्रीचे जेवण उशिरा. त्यांचा एलडीएलचा आकडा ९८ होता. "डॉक्टरसाहेब, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे ना?" या त्यांच्या प्रश्नाला मी होकारार्थी उत्तर दिले. त्यानंतर अकरा महिन्यांनी त्यांना हृद्विकाराचा तीव्र झटका आला. ते वाचले ही ईश्वरकृपा. जुना कागद पुन्हा काढून पाहिला तेव्हा लक्षात आले की सूचना त्याच कागदावर होती, फक्त ती छापलेली नव्हती. ती साध्या वजाबाकीने काढावी लागणार होती. ती वजाबाकी, तिच्यावरून करावयाचा अपो-बी या प्रथिनाचा अंदाज आणि त्या अंदाजाच्या मर्यादा हा सदर लेखाचा विषय आहे.

कोलेस्टेरॉल आणि त्याचे वाहक

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हे दोन्ही स्नेह पाण्यात विरघळत नाहीत. रक्त हा मुख्यतः जलप्रधान द्रव असल्याने हे स्नेह त्यातून स्वतंत्रपणे वाहू शकत नाहीत. म्हणून शरीर त्यांना सूक्ष्म गोलाकार कणांत भरते. या कणांच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे आवरण असते. अशा कणांना लायपोप्रोटीन आणि त्यांवरील प्रथिनांना अपोलायपोप्रोटीन म्हणतात.

यकृत प्रथम व्हीएलडीएल नावाचे मोठे, ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडते. वाटेत स्नायू व मेदपेशी त्यांतील ट्रायग्लिसराइड काढून घेतात. कण लहान होत जातो, त्याचा मध्यम अवस्थेतील आयडीएल होतो आणि अखेरीस कोलेस्टेरॉलप्रधान एलडीएल उरतो. या संपूर्ण प्रवासात एक गोष्ट बदलत नाही. प्रत्येक कणावर अपोलायपोप्रोटीन बी या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. आतील माल कमीअधिक होतो, परंतु अपो-बीचा रेणू कणाची साथ सोडत नाही आणि त्याला दुसरा जोडीदारही मिळत नाही. एलपी-ए नावाचा जो आनुवंशिक कण आहे, त्याच्यावरही अपो-बीचा एकच रेणू असतो.

यकृतात तयार होणारे अपो-बी १०० हे ४५३६ अमिनो आम्लांचे अतिविशाल प्रथिन आहे. आहारातील स्नेह वाहून नेणाऱ्या कायलोमायक्रॉन कणांवर आतड्यात तयार होणारे त्याचे आखूड रूप, म्हणजे अपो-बी ४८ असते. एचडीएल कणांवर मात्र अपो-बी नसते. तेथे अपो-ए१ हे प्रमुख प्रथिन असून एका कणावर त्याचे एकाहून अधिक रेणू असतात.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो. रक्तातील अपो-बी मोजणे म्हणजे धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सर्व कणांची शिरगणती करणे होय. एलडीएल कोलेस्टेरॉल मोजणे म्हणजे त्यांपैकी एका प्रकारच्या कणांतील मालाचे वजन करणे होय.

वजन आणि संख्या

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना हा भेद वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पन्नास ग्रॅम चूर्णाच्या अडीचशे मिलिग्रॅमच्या गुट्या वळल्या तर त्या दोनशे होतात. त्याच चूर्णाच्या सव्वाशे मिलिग्रॅमच्या गुट्या वळल्या तर त्या चारशे होतात. तराजूत दोन्ही ढीग सारखेच भरतात. तराजूवर विसंबणाऱ्यास दोन्ही बरण्यांत फरक दिसणार नाही. मोजणाऱ्यास मात्र एकीत दुप्पट गुट्या सापडतील.

धमनीच्या अंतःस्तराशी संबंध येतो तो कणांचा. कण भिंतीत शिरतो, तेथे अडकतो, त्याच्यात विकृती होते आणि त्यातून पुढे लेप साचत जातो. कणांची संख्या जितकी अधिक आणि हा संपर्क जितकी अधिक वर्षे चालेल तितका धोका मोठा. एकाच वजनाचे कोलेस्टेरॉल अनेक लहान कणांत विभागलेले असेल तर एलडीएलचा आकडा समाधानकारक दिसतो, परंतु भिंतीवर आदळणाऱ्या कणांची संख्या मोठी असते.

अशी स्थिती कोणात उद्भवते? ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असते त्यांच्यात. रक्तातील एका वाहक प्रथिनामार्फत व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड एलडीएलमध्ये जाते आणि त्याच्या बदल्यात एलडीएलमधील कोलेस्टेरॉल बाहेर पडते. पुढे यकृतातील एक एन्झाइम त्या एलडीएलमधील ट्रायग्लिसराइड तोडते. उरतो तो लहान, घट्ट, कोलेस्टेरॉल कमी असलेला कण. उदरस्थूलता, मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल हा जो समुच्चय आपल्याकडील रुग्णांत वारंवार आढळतो, त्यात हीच प्रक्रिया चालू असते.

हा विचार नवा नाही. मॉन्ट्रियल येथील ॲलन स्नायडरमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते की हृद्धमनीविकाराच्या काही रुग्णांत एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेले नसते, परंतु अपो-बी वाढलेले असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अमोरिस या अभ्यासात पावणेदोन लाखांहून अधिक व्यक्तींचा मागोवा घेतला गेला आणि अपो-बीचा हृद्विकाराने होणाऱ्या मृत्यूंशी दृढ संबंध आढळला. २००४ मधील इंटरहार्ट या बावन्न देशांतील अभ्यासाने अपो-बी व अपो-ए१ यांच्या गुणोत्तरास प्रमुख धोक्यांत स्थान दिले. त्याच अभ्यासाच्या २००७ मधील दक्षिण आशियाविषयक विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्या भागात ५३, तर अन्यत्र सुमारे ५९ आढळले. सहा वर्षांचा हा फरक आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने किती मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको.

अहवालात काय मोजलेले असते आणि काय काढलेले असते

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड हे तीन घटक प्रत्यक्ष मोजलेले असतात. एलडीएल पुष्कळ ठिकाणी गणिताने काढलेले असते. हे गणित फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेड्रिक्सन यांनी १९७२ मध्ये ४४८ व्यक्तींच्या तपासण्यांवरून मांडले :

एलडीएल = टोटल कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

यातील शेवटचे पद म्हणजे व्हीएलडीएलमधील कोलेस्टेरॉलचा अंदाज. त्यामागील गृहीतक असे की व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण ५ : १ असते. ट्रायग्लिसराइड वाढत जाते तसे हे प्रमाण बदलते. मग व्हीएलडीएलचा अंदाज प्रमाणाबाहेर मोठा येतो आणि एलडीएल खऱ्याहून कमी दिसते. म्हणून ४०० मि.ग्रॅ.च्या वर ट्रायग्लिसराइड असता हे सूत्र वापरू नये असा मूळ संकेत आहे. ही उणीव कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मार्टिन-हॉपकिन्स आणि २०२० मध्ये सॅम्पसन-एनआयएच ही सुधारित सूत्रे पुढे आली. आपल्या भागातील प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजते की गणिताने काढते, आणि काढत असल्यास कोणत्या सूत्राने, हे प्रत्येक वैद्याने एकदा विचारून घ्यावे.

या सर्व अडचणींतून सुटणारी एक राशी आहे. ती म्हणजे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल :

नॉन-एचडीएल = टोटल कोलेस्टेरॉल − एचडीएल

अपो-बी धारण करणाऱ्या सर्व कणांतील एकूण कोलेस्टेरॉल म्हणजे नॉन-एचडीएल. यात ट्रायग्लिसराइडचा आकडा लागत नाही, त्यामुळे रुग्ण उपाशीपोटी आला की न्याहारी करून आला याने फारसे बिघडत नाही. खर्च काहीही नाही, एक वजाबाकी पुरते.

अपो-बीचा अंदाज

अपो-बी आणि नॉन-एचडीएल यांचा परस्परसंबंध निकटचा असल्याने एकावरून दुसऱ्याचा अंदाज करणारी अनेक सूत्रे प्रसिद्ध झाली. काहींत एलडीएलबरोबर ट्रायग्लिसराइडचा लॉगॅरिथम घेतलेला असतो. चिकित्सालयात बसल्या बसल्या वापरण्यास सोपे असे एक सूत्र कोरियातील प्रौढांच्या तपासण्यांवरून २०१२ च्या सुमारास मांडले गेले. सर्व आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर या मापात घेतल्यास ते असे आहे :

अपो-बी = (०.६५ × नॉन-एचडीएल) + ६.३

आता तीन अहवाल शेजारीशेजारी ठेवून पाहू.

पहिला अहवाल : टोटल १८२, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २६०. एलडीएल १८२ − ३२ − ५२ = ९८. नॉन-एचडीएल १५०. अपो-बीचा अंदाज ९७.५ + ६.३ = सुमारे १०४.

दुसरा अहवाल : टोटल १८२, एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड ११०. एलडीएल १८२ − ६२ − २२ = ९८. नॉन-एचडीएल १२०. अपो-बीचा अंदाज ७८ + ६.३ = सुमारे ८४.

तिसरा अहवाल : टोटल २००, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड १००. एलडीएल २०० − ५० − २० = १३०. नॉन-एचडीएल १५०. अपो-बीचा अंदाज सुमारे १०४.

पहिल्या दोन अहवालांत टोटल एकच, एलडीएलही एकच. तरीही नॉन-एचडीएलमध्ये तीस मिलिग्रॅमचे आणि अपो-बीच्या अंदाजात वीस मिलिग्रॅमचे अंतर आहे. उलट पहिल्या आणि तिसऱ्या अहवालांतील एलडीएल ९८ व १३० इतके भिन्न असूनही नॉन-एचडीएल तंतोतंत समान आहे. तिसऱ्या रुग्णास आपण लागलीच पथ्य सांगू, औषध देऊ, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावू. पहिल्यास मात्र 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवू. प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या व्यापाऱ्यांचा अहवाल हाच पहिला अहवाल होय.

आकडा कोठे ताडून पाहावा

युरोपीय हृद्रोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार अतितीव्र धोक्याच्या रुग्णांत नॉन-एचडीएल ८५ च्या खाली व अपो-बी ६५ च्या खाली, तीव्र धोक्यात अनुक्रमे १०० व ८० च्या खाली, मध्यम धोक्यात १३० व १०० च्या खाली असावे. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात ट्रायग्लिसराइड २०० किंवा त्याहून अधिक असता अपो-बी मोजण्याची शिफारस होती आणि १३० व त्यापुढील आकडा धोका वाढविणारा मानला गेला. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात नॉन-एचडीएलला महत्त्वाचे स्थान असून सर्वसाधारण व्यक्तीत १३०, मधुमेह-उच्चरक्तदाबासारख्या तीव्र धोक्यात १०० आणि अतितीव्र धोक्यात ८५ या मर्यादांच्या खाली राहण्यास सांगितले आहे.

आता सूत्राची परीक्षा याच आकड्यांवर घेऊ. नॉन-एचडीएल ८५, १०० आणि १३० यांवरून सूत्र अपो-बी अनुक्रमे ६२, ७१ आणि ९१ असे सांगते. मार्गदर्शनातील जोडीचे आकडे ६५, ८० आणि १०० आहेत. म्हणजे तीनपासून नऊ मिलिग्रॅमपर्यंत तफावत येथेच आहे. यावरून बोध असा घ्यावा की सूत्राने आलेले उत्तर म्हणजे दिशादर्शन होय. सीमारेषेवरील निर्णय त्याच्या आधारे करू नये.

अंदाजाची खरी मर्यादा

यापुढील मुद्दा वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. सूत्रात आपण घालतो तो आकडा कोलेस्टेरॉलच्या वजनाचा. म्हणून सूत्रातून निघणारी 'संख्या' ही सरासरी माणसात त्या वजनाबरोबर जितके कण असतात तितकी. एखाद्या रुग्णाचे कण सरासरीहून लहान आणि संख्येने अधिक असतील तर ते सूत्रास कळण्याचा मार्गच नाही. वरील पहिल्या व तिसऱ्या रुग्णांस सूत्र एकच उत्तर देते. प्रत्यक्ष रक्तात त्यांचे अपो-बी वेगळे असू शकते. गुट्यांचा दाखला पुन्हा घ्यायचा तर, गुटी सव्वाशे मिलिग्रॅमची की अडीचशेची हे ठाऊक नसता केवळ ढीग तोलून संख्या सांगण्यासारखे हे आहे. ज्या रुग्णात वजन आणि संख्या यांची फारकत झालेली असते, नेमका त्याच रुग्णात अंदाज चुकतो, आणि अपो-बीची गरजही नेमकी त्यालाच सर्वाधिक असते.

याचा अनुभव त्या व्यापाऱ्यांच्या धाकट्या बंधूंच्या बाबतीत आला. भावाच्या आजारपणानंतर ते स्वतःहून तपासणीस आले. वय एकेचाळीस. टोटल १९०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १०७. नॉन-एचडीएल १५५ आणि अपो-बीचा अंदाज १०७. या वेळी अंदाजावर न थांबता प्रयोगशाळेतून अपो-बी प्रत्यक्ष मोजून घेतले. ते १२१ आले. त्यांना हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठविले. तज्ज्ञांनी स्टॅटिन सुरू केले व अपो-बी ८० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठरविले. आहार, व्यायाम व दिनचर्येचे नियोजन आपल्याकडे राहिले.

तीन महिन्यांनी नॉन-एचडीएल १०२ वर आले. सूत्राने अपो-बी ७३ येत होते, म्हणजे उद्दिष्ट साधले असे वाटले असते. प्रत्यक्ष मोजणी ८४ निघाली. स्टॅटिनने कोलेस्टेरॉलचे वजन ज्या प्रमाणात घटते त्या प्रमाणात कणांची संख्या घटत नाही, ती थोडी मागे राहते. औषध न घेणाऱ्या लोकांवरून बसविलेले सूत्र औषध घेणाऱ्यास लावल्यास असा भ्रम होतो. तज्ज्ञांनी मात्रेत बदल केला. सूत्रावर समाधान मानले असते तर हा बदल झाला नसता.

याखेरीज पुढील अवस्थांत अंदाज वापरू नये :

१. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असता. ते १००० च्या आसपास वा पुढे गेल्यास स्वादुपिंडशोथाचा धोका हा तातडीचा प्रश्न असतो. अशा रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे.

२. तीव्र ज्वर, मोठी शस्त्रक्रिया वा हृद्विकाराचा झटका यांनंतरच्या दिवसांत. या काळात कोलेस्टेरॉल खाली उतरते आणि खोटे समाधान देते.

३. गर्भावस्थेत, तसेच थायरॉइडची न्यूनता, वृक्कविकार व यकृतविकार असता. या अवस्थांत मूळ व्याधीचे निदान आधी करावे.

४. अवशिष्ट कण साचण्याच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात. येथे नॉन-एचडीएल पुष्कळ वाढते, पण अपो-बी त्या मानाने कमी असते.

अपो-ए१ संबंधीही एक शब्द. एचडीएल कणावर अपो-ए१ चे किती रेणू असतील हे निश्चित नसल्याने एचडीएलवरून त्याचा हिशेब अधिकच सैल ठरतो. ज्यांना अपो-बी व अपो-ए१ यांचे गुणोत्तर हवे असेल त्यांनी दोन्ही मोजून घ्यावीत. एलपी-ए तर कोणत्याही सूत्राने निघत नाही. ते बहुतांशी जन्मतः ठरलेले असते, म्हणून प्रत्येक प्रौढाचे आयुष्यात एकदा मोजावे अशी शिफारस आहे. घराण्यात अल्पवयात हृद्विकार झाला असेल तेथे हे विसरू नये.

मापांचा घोटाळा

परदेशांत स्थायिक झालेले आपले बांधव सुटीत गावी येतात तेव्हा तेथील अहवाल सोबत आणतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत कोलेस्टेरॉल मिलिमोल प्रति लिटर या मापात देतात. त्याचे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर करण्यासाठी कोलेस्टेरॉलच्या आकड्यास ३८.६७ ने आणि ट्रायग्लिसराइडच्या आकड्यास ८८.५७ ने गुणावे. उदाहरणार्थ, ३.९ मिलिमोल नॉन-एचडीएल म्हणजे सुमारे १५१ मि.ग्रॅ. अपो-बी काही अहवालांत ग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. त्यास १०० ने गुणले की आपले माप मिळते. १.२१ म्हणजे १२१. माप न पाहता सूत्र लावल्यास उत्तर हास्यास्पद येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे विश्वसनीय भासेल.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

अपो-बी म्हणजे अमुक धातू वा अमुक दोष, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. मेदोधातू ही व्यापक संकल्पना आहे आणि रक्तातील एक प्रथिन तिचा पर्याय होऊ शकत नाही. तथापि आपल्या संहिताकारांनी जी दृष्टी दिली ती येथे उपयोगी पडते. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात कफाच्या नानात्मज विकारांत धमनीप्रतिचयाचा उल्लेख आहे. निदानस्थानात प्रमेहातील दूष्यांचे वर्णन करताना मेद बहु असतो आणि अबद्धही असतो असे सांगितले आहे. राशी आणि स्वरूप या दोहोंचा वेगळा विचार करण्याची ही पद्धत आहे. केवळ मेद किती एवढ्यावर न थांबता तो कोणत्या अवस्थेत आहे हेही पाहावे, असा तिचा आशय आहे. नव्या तपासण्या वाचताना हीच सवय आपण ठेवावी.

चिकित्सेच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा आधार घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावर संशोधन केले व १९६६ मध्ये ते मांडले. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड विकसित झाले. ही आपल्या अभिमानाची गोष्ट होय. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १०३ प्रौढांवरील आठ आठवड्यांच्या प्रयोगात गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी सुमारे ४ ते ५ टक्के वाढले आणि काहींच्या त्वचेवर पुरळ उठले, हेही आपण लपवू नये. त्या प्रयोगात दोषविचार नव्हता, पथ्य नव्हते, शोधनसंस्कार नव्हता असे आक्षेप घेता येतील. त्या आक्षेपांचे उत्तर वादविवादात मिळणार नाही, आपल्या रुग्णांच्या आधीच्या व नंतरच्या अहवालांतच मिळेल. ते अहवाल एलडीएलसह नॉन-एचडीएलनेही वाचावेत, आणि शक्य तेथे अपो-बी मोजून.

लंघन, रूक्षान्नाचा युक्तीने उपयोग, नित्य व्यायाम, दिवास्वाप व अध्यशन यांचा त्याग, गोड व मैद्याच्या पदार्थांवर नियंत्रण, मद्यवर्जन या उपायांनी ट्रायग्लिसराइड आणि उदरस्थूलता यांवर चांगला परिणाम दिसतो. परंतु झटका येऊन गेलेल्या, मधुमेही वा घराण्यात अल्पवयात हृद्विकार असलेल्या रुग्णाचे चालू स्टॅटिन आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. त्यात बदल करावयाचा तर तो तज्ज्ञांशी बोलूनच करावा.

औषधालयचालकांसाठी

अनेक ग्राहक अहवाल थेट औषधालयाच्या काउंटरवर आणतात आणि 'कोलेस्टेरॉलवर काहीतरी द्या' असे म्हणतात. अशा वेळी एलडीएलच्या तारांकित खुणेवरून औषध देऊ नये, आणि खूण नाही म्हणून निश्चिंतही करू नये. टोटलमधून एचडीएल वजा करून आलेला आकडा कागदाच्या कडेला लिहावा. तो १३० च्या वर असल्यास, अथवा ग्राहक मधुमेही असून तो १०० च्या वर असल्यास, त्यास वैद्याकडे पाठवावे. हृद्विकाराची औषधे चालू असणाऱ्यास गुग्गुळकल्प देण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

सारांश

१. अपो-बी ही घातक कणांची संख्या आहे, तर एलडीएल हे त्यांतील मालाचे वजन आहे.

२. प्रत्येक लिपिड अहवालावर नॉन-एचडीएल काढावे व रुग्णपत्रकात नोंदवावे.

३. नॉन-एचडीएलला ०.६५ ने गुणून ६.३ मिळविल्यास अपो-बीचा स्थूल अंदाज येतो. दहा मिलिग्रॅम इकडेतिकडे गृहीत धरावे, काही रुग्णांत फरक त्याहूनही मोठा असतो.

४. ट्रायग्लिसराइड २०० च्या वर, एचडीएल कमी, उदरस्थूलता, मधुमेह, कुलवृत्तात हृद्विकार अथवा स्टॅटिन चालू असता अंदाजावर थांबू नये. अपो-बी प्रत्यक्ष मोजावे.

५. अंदाज कमी आला म्हणून रुग्णास निर्धास्त करू नये, अधिक आला तर मात्र तो दुर्लक्षू नये.

ते व्यापारी आता नियमित तपासणीस येतात. त्यांच्या रुग्णपत्रकाच्या पहिल्या पानावर तो जुना कागद मी चिकटवून ठेवला आहे आणि त्यावर १८२ वजा ३२ ही वजाबाकी शाईने लिहिली आहे. आपल्या संग्रही असलेल्या रुग्णपत्रकांतून असे 'नॉर्मल' अहवाल सर्व वैद्य बंधुभगिनींनी या आठवड्यात पुन्हा काढून पाहावेत, एवढीच विनंती.